गव्हाणीजवळचा वशिंडाचा बैल

नाताळच्या बाजारात गोठ्याचे जे तयार संच मिळतात, त्यांतील बैल एकदा निरखून पाहावा. त्याला बहुधा वशिंड नसते. तो युरोपातला, सपाट पाठीचा, तपकिरी बैल असतो. वऱ्हाड-नागपूरकडच्या पांढऱ्याशुभ्र गवळाऊ बैलांच्या मुलखातील मुलांना तो बैल म्हणून ओळखायला शिकवावे लागते! ही बाब आम्हांला क्षुल्लक वाटत नाही. कारण गव्हाणीजवळ हा बैल आला, तोच मुळी ओळखीची खूण म्हणून.

संत लूकच्या शुभवर्तमानात गव्हाण आहे, मेंढपाळ आहेत; बैल आणि गाढव मात्र नाहीत. ते आले यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या पहिल्या अध्यायातून. मुकी जनावरे आपल्या धन्याला आणि त्याच्या गव्हाणीला ओळखतात, देवाच्या प्रजेला मात्र ती ओळख उरली नाही, अशी खंत तेथे व्यक्त झाली आहे. मिलान येथील संत अंब्रोज यांच्या बॅसिलिकेत चौथ्या शतकाच्या अखेरच्या सुमाराची एक दगडी शवपेटिका आहे. तीवरील जन्माच्या शिल्पात बाळ येशूजवळ बैल नि गाढव आहेत; पवित्र मरिया व संत योसेफ नाहीत.

पुढे १२२३ साली असिसीकर संत फ्रान्सिस यांनी इटलीतील ग्रेच्चो गावी नाताळची ती विख्यात रात्र साजरी केली. नाताळच्या सुमारे पंधरवडाभर आधी त्यांनी जॉन नावाच्या गृहस्थाला तयारी करण्यास सांगितले होते. मूर्ती नव्हत्या. गव्हाण, गवत, जिवंत बैल आणि गाढव, एवढेच. तेथेच पवित्र मिस्सा झाला आणि डीकन असलेल्या फ्रान्सिसने शुभवर्तमान गायिले. त्यांचे पहिले चरित्रकार चेलानोचे थॉमस आणखी एक गोष्ट नोंदवतात, जी शेतकऱ्यांच्या घरी मुद्दाम सांगावी: त्या गव्हाणीतील गवत लोकांनी जपून ठेवले आणि ते खाऊन आजारी गुरे बरी झाली.

फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात देवळे बंद पडली, तेव्हा प्रोव्हान्स प्रांतातील कुटुंबांनी पावाचा गर, कागद व माती यांच्या लहान मूर्ती करून घराघरांत गोठे मांडले, असे परंपरा सांगते. मार्सेयचे लान्येल (१७६४–१८२२) यांनी साचे घडवून या मूर्ती गरिबांच्या आवाक्यात आणल्या. गव्हाणीभोवती मग त्या प्रांतातलीच माणसे उभी राहिली: दळणारा, पाववाला, मासळीवाली.

आता वणीकडे वळू. आज यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याचे ठाणे असलेल्या या गावाचे नाव १९०५ पर्यंत सबंध जिल्ह्याला होते. काळी जमीन, कापूस, आणि आता कोळशाच्या खाणी. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपाने शेकून त्यांना उद्याच्या जेवणाचे आवतण देण्याची येथली रीत ज्याने पाहिली, त्याला यशयाचे ते वचन समजावून सांगावे लागत नाही. दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा मुलांचा. लाकडी बैलाला चाके, बेगड, झूल आणि गळ्यात घुंगरू; तो ओढत मुले घरोघर जातात व बोजारा मिळवतात. नागपूरकर दुसरे रघुजी भोसले यांनी १८०६ साली हा उत्सव सुरू केला, असे सांगतात. होळीला शेणाच्या भोक पाडलेल्या चाकोल्या मुलेच थापतात. साखरेच्या गाठी लाकडी साच्यांत ओततात त्या मोठ्यांनी, गळ्यात मिरवतात मुले. म्हणजे हाताने घडवण्याची सवय आपल्या मुलांना आहेच. नाताळात मात्र आपण त्यांच्या हाती प्लास्टिकचा खोका देतो.

आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी आरंभ करावा. त्या दिवसांत शेतात कापसाचा वेचा चालू असतो. आधी वेचून झालेल्या झाडांच्या पऱ्हाट्या आणि तुराट्या यांचे छप्पर होते, आणि सरकी काढलेल्या कापसाची मेंढरे. नुसत्या काळ्या मातीचा बैल वाळताना तडकतो, म्हणून तीत थोडी वाळू व बारीक कुटलेले तणीस मिसळावे, मूर्ती सावलीतच वाळवावी. वशिंड आधी करावे, शिंगे शेवटी. तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल घरात असेल, तर तोच गव्हाणीजवळ ठेवण्यास आम्हांला काहीच वावगे दिसत नाही. तो शेतकऱ्याचा सोबती आहे. बांबूच्या कामट्या, पतंगी कागद आणि कणकेची खळ, एवढ्यात तारा होतो.

बेथलेहेम या नावाचा अर्थ ‘भाकरीचे घर’, तेव्हा स्वयंपाकघर कसे वगळावे? गोवा-मुंबईकडील कॅथलिक घरांतून नाताळात होणारे कुलकुल मुलांच्या हातचे खास काम. अर्धा किलो मैदा, मूठभर बारीक रवा, थोडे तुपाचे मोहन, चिमूटभर मीठ. नारळाच्या दुधात घट्ट भिजवून अर्धा तास ठेवावे. सुपारीएवढी गोळी काट्याच्या पाठीवर किंवा नव्या कोऱ्या फणीवर चेपून गुंडाळली की शिंपल्यासारखी रेघारेघांची वळी होते. तळणे व पक्क्या पाकात घोळणे आईने करावे. उरलेल्या पिठाचे मेंढरू, तारा, काय हवे ते. दिवाळीच्या करंजीचे कातणे येथे उपयोगी पडते. काही आकार बिघडतील, ते लहानग्यांनी आधीच फस्त केलेले असतील.

तीन राजांचा सण झाल्यावर गोठा उतरवावा. बैल पोळ्यापर्यंत फडताळात राहू द्यावा. गवत मात्र शेजारच्या गोठ्यातील गुरांना घालावे, ग्रेच्चोला घातले होते तसे.