अंजनवेलची धाड आणि ब्रह्मेंद्रस्वामींचा पत्रव्यवहार

गुहागरच्या उत्तरेस, वाशिष्ठी नदी जेथें समुद्रास मिळते तेथें, दक्षिण तीरावर अंजनवेलचा किल्ला आहे. त्याच खाडीनें वर गेलें म्हणजे चिपळुणाशेजारीं गोवळकोट लागतो, आणि जवळच्या डोंगरावर श्रीक्षेत्र परशुराम आहे. इ. स. १७२७ त हीं दोन्ही ठाणीं जंजिरेकरांच्या वतीनें सिद्दी सात याजकडे होतीं व परशुरामीं ब्रह्मेंद्रस्वामींचें वास्तव्य होतें. सावनूरहून येणारा एक हत्ती वाटेंत आंग्र्यांच्या माणसांनीं अडविला. त्यांत स्वामींचें अंग आहे असा संशय धरून सिद्दी सातानें महाशिवरात्रीच्या सुमारास परशुरामावर धाड घातली. देवालय लुटलें गेलें आणि पुरलेलें द्रव्य दाखवावें म्हणून तेथील ब्राह्मणांचे हाल झाले. पुढें जंजिऱ्याहून लूट परत देण्याची व्यवस्था झाली. कान्होजी आंग्रे यांनींहि कोंकण सोडूं नये म्हणून आर्जव केलें. पण स्वामींचें मन तेथें पुन्हां लागलें नाहीं. ते घाट चढून गेले व शाहू महाराजांनीं दिलेल्या साताऱ्याजवळील धावडशी गांवीं राहिले.

ही हकीकत वाचकांस नवी नाहीं. प्रस्तुत लेखाचा हेतु निराळा आहे. लढाईनें ज्यांचें मन घायाळ झालें त्यांस धीर कोणीं व कसा द्यावा, हा प्रश्न आज सर्वत्र विचारला जातो. इ. स. १९१४ च्या महायुद्धांत खंदकांतून परतलेल्या शिपायांच्या विकारास ‘शेल शॉक’ हें नांव पडलें, आणि इ. स. १९८० त अमेरिकेंतील मानसवैद्यांनीं आघातोत्तर विकारास आपल्या रोगसूचींत स्वतंत्र स्थान दिलें. हीं नांवें अठराव्या शतकांतील माणसांस चिकटविणें युक्त नव्हे. परंतु त्या काळचा लढवय्या आपला शीण कोठें उतरवीत असे, याचा पुरावा आपल्या दप्तरांत आहे, आणि तो मुख्यतः स्वामींच्या पत्रव्यवहारांत सांपडतो.

पारसनीस व राजवाडे या उभयतांनीं हा पत्रव्यवहार छापून प्रसिद्ध केला; मतें मात्र परस्परविरुद्ध दिलीं. पारसनिसांस स्वामी राष्ट्रगुरु वाटले, तर राजवाड्यांनीं त्यांच्या राजकारणावर व सावकारीवर कठोर टीका केली. दोघांचीहि दृष्टि स्वामींवर खिळलेली होती. पत्रें लिहिणारांकडे पाहिलें तर कांहीं निराळें दिसतें.

पहिलें उदाहरण बाजीरावाचें. ज्याच्या घोडदौडीनें दिल्ली हादरली, तो पुरुष स्वामींस लिहितांना कर्जानें गांजलेला, सावकार व शिलेदार यांच्या पायां पडून थकलेला असा दिसतो. फौजेपुढें हें बोलणें त्यास शक्य नव्हतें. सेनापतीचा धीर सुटला असें दिसतांच फौजेचा धीर सुटतो. दुसरें उदाहरण चिमाजी आप्पांचें. इ. स. १७३९ च्या मे महिन्यांत वसई हस्तगत झाली, तेव्हां मेलेले व जखमी मिळून आपलीं सुमारें ५,००० माणसें खर्चीं पडलीं असें मराठ्यांनींच मानलें. या वेढ्याची हकीकत आप्पांनीं स्वामींस सविस्तर कळविली. सुरुंग, खिंडारें, हल्ले यांचा तपशील तींत आहे. केवळ जयाची वार्ता द्यावयाची असती तर चार ओळी पुरत्या. जें पाहिलें व सोसलें तें गुरूच्या पायांशीं क्रमवार ठेवणें, हाच त्या लिहिण्याचा एक हेतु असावा, असें आमचें मत आहे. आंग्र्यांच्या घरांत भाऊबंदकी माजली तेव्हांहि त्या घरचीं माणसें स्वामींकडेच धांव घेत. ज्याच्याकडे पलटण नाहीं, वतनाचा तंटा नाहीं, अशा यतीपुढें मन उघडें करण्यांत कमीपणा नव्हता.

येथें राजवाड्यांचा आक्षेप विसरून चालणार नाहीं. बाजीराव ज्याच्यापुढें कर्जाचें रडगाणें गाई, तोच त्याचा एक धनको होता! शिवाय धीर देणारा स्वतः घायाळ होता. परशुरामाची विटंबना स्वामी विसरले नाहींत. जंजिऱ्याविरुद्ध मोहीम व्हावी म्हणून त्यांनीं शाहू महाराज व पेशवे यांच्यामागें लकडा लावला. इ. स. १७३३ त ती मोहीम सुरू झाली, आणि १९ एप्रिल १७३६ रोजीं चिमाजी आप्पांशीं झालेल्या लढाईंत सिद्दी सात पडला. म्हणजे शिष्यांचें दुःख ऐकणाऱ्या गुरूनें आपलें दुःख शिष्यांच्या तलवारीस बांधलें. जखमी माणसानें जखमी माणसांस दिलेला हा धीर होता. त्यांत माया होती आणि सूडहि होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळीं खऱ्या मानल्यावांचून या पत्रांचा अर्थ लागत नाहीं.

इ. स. १७४० च्या एप्रिलांत बाजीराव व डिसेंबरांत चिमाजी आप्पा वारले. शिष्य गेले, गुरु मागें राहिला. अंजनवेल तुळाजी आंग्र्यानें इ. स. १७४५ च्या आरंभीं घेतली व तिचें नांव गोपाळगड ठेवलें. त्याच वर्षीं श्रावणांत स्वामी धावडशीस समाधिस्थ झाले. अठरा वर्षांपूर्वीं ज्या ठाण्यावरून धाड आली तें पडलें. पण स्वामी परशुरामीं राहावयास परतले नाहींत.

जुन्या दप्तरांचा संग्रह करणारांस एक विनंति करून लेख संपवितों. साधु, गोसावी, उपाध्ये यांच्याशीं झालेलीं पत्रें आपण ‘आशीर्वादपर, किरकोळ’ असा शेरा मारून बाजूस टाकतों. सनदा व तहनामे जपतों. सनदेवरून मुलूख कोणाचा हें कळतें, पण तो मिळवितांना माणसावर काय गुजरलें हें कळत नाहीं. अशा किरकोळ पुडक्यांत आपल्याच घराण्यांतील एखाद्या शिलेदाराचें मन गुंडाळलेलें असेल. तीं पुडकीं सोडून वाचावीं, व वाळवीच्या आधीं वाचावीं.