रेल्वेच्या गावातले मेथडिस्ट चर्च

इगतपुरीच्या शाळेत जाता-येता ज्या मेथडिस्ट चर्चच्या भिंतीशी आपण चिंचा खाल्ल्या, त्यामागचा इतिहास मला पन्नाशीनंतर कळला. १८६५ साली थळ घाटातून रेल्वे धावली आणि गाव बदलीच्या नोकरदारांचे झाले. १८७१ मध्ये अमेरिकन धर्मोपदेशक विल्यम टेलर मुंबईत आले. मंडळीने परदेशी पैशावर न विसंबता स्वतःच्या वर्गणीवर उभे राहावे, हा त्यांचा आग्रह. रेल्वेतले अनेक अँग्लो-इंडियन त्यांच्या मंडळीत आले. आपले चर्च त्याच परंपरेतले. १९७० च्या चर्च-एकीकरणात मेथडिस्ट सामील झाले नाहीत. १९८१ मध्ये ते स्वायत्त झाले. माझ्या वडिलांचीही बदली झाली, आम्ही गेलो. मित्रहो, माणसे जातात. वास्तू मात्र मागे राहिलेल्यांच्या वर्गणीवरच टिकते. आपल्या शाळेचेही तसेच आहे.