घुमणे आणि ऐकू येणे

विजापूरचा गोलघुमट आपणांस परिचित आहेच. १६५६ च्या सुमारास पुऱ्या झालेल्या त्या वास्तूत वाजवलेली टाळी सात-आठ वेळा परतते. मोठी मौज! पण तेथे कोणी व्याख्यान देऊ लागला, तर पहिले वाक्य विरण्यापूर्वीच दुसरे त्यावर कोसळेल आणि श्रोत्यांच्या पदरी गलबला पडेल.

त्यापूर्वी सुमारे तीनशे वर्षे, १३६७ साली, गुलबर्ग्याच्या, म्हणजे आजच्या कलबुर्गीच्या, किल्ल्यात कझवीनच्या रफीने जामा मशीद उभारली. येथे अंगणच नाही. २१६ फूट लांब व १७६ फूट रुंद असा सारा विस्तार छपराखाली. एक थोरला घुमट सोडला, तर बाकीचे छप्पर लहान लहान घुमटांत वाटलेले. बाजूंना मोकळ्या कमानी. त्या उजेडावाऱ्यासाठी असतील. पण कमानीतून बाहेर पडलेला आवाज परत येत नाही, हेही खरेच.

याचे गणित जगाला फार उशिरा सापडले. हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहात शब्द साडेपाच सेकंद रेंगाळे. १८९५ साली वॉलेस सॅबाइनने तेथे नाट्यगृहातील उशा नेऊन मांडल्या आणि रात्रीच्या शांततेत मोजणी केली. उशा वाढल्या, तसा घुमारा घटला. माणसांचे कपडेही तेच काम करतात. रिकाम्या दालनात टाळी वाजवून पाहणाऱ्या प्रवाशाला ते कळत नाही.