आमची दफनभूमी

परमेश्वराच्या कृपेने आपला धर्मग्राम आज ज्युबिलीचा आनंद साजरा करीत आहे. अशा प्रसंगी देवळाचा व शाळेचा इतिहास लिहिला जातो. परंतु ज्या भूमीत आपले वाडवडील विसावले आहेत, तिची आठवण सहसा मागे राहते. ती उणीव थोडीतरी भरून निघावी, या हेतूने आम्ही हे चार शब्द प्रिय वाचकांस सादर करीत आहोत.

सन १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांच्या हाती आली व तेथे भव्य देवालये उभी राहिली. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे थोरामोठ्यांस देवळाच्या आतच पुरीत असत. किल्ल्यातील फ्रान्सिस्कन मठाच्या भग्न देवळात जमिनीत बसविलेल्या शिळा वाचकांनी पाहिल्या असतील. त्यांवर घराण्यांची ढालचिन्हे व पोर्तुगीज लेख कोरलेले आहेत. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या सैन्यापुढे किल्ल्याने शरणागती पत्करली व पोर्तुगीज सरदार निघून गेले. शिळांवर नावे राहिली. परंतु त्या नावांसाठी मेणबत्ती लावणारे घर तेथे उरले नाही.

याउलट, जे साधे ख्रिस्ती गावोगावी टिकून राहिले, त्यांच्या कबरीवर शिळा कोठून येणार? मातीचा उंचवटा आणि लाकडी क्रूस, इतकेच. आणि तो क्रूसही काही पावसाळ्यांत कुजून जाई. तरीही ते विस्मृतीत गेले नाहीत. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने धर्मगुरूंस मृतांची नोंदवही ठेवण्यास सांगितले. आणि दर २ नोव्हेंबरला त्यांची लेकरे-नातवंडे प्रार्थनेसाठी येत राहिली. दफनभूमी शिळेने नव्हे, माणसांनी राखली जाते, असे आम्हांस वाटते ते यामुळेच.

देवळातील दफने पुढे आरोग्याच्या कारणास्तव बंद होत गेली. पोर्तुगालात १८३५ साली तसा हुकूम निघाला, आणि १८४६ च्या तेथील बंडास तत्संबंधीचे कायदे एक कारण झाले, इतका लोकांस त्याचा राग आला. तथापि त्यातून एक हितही झाले: श्रीमंत व रंक उघड्या आभाळाखाली एकाच मातीत आले. सध्याच्या १९८३ च्या धर्मसंहितेप्रमाणेही पोप, कार्डिनल व आपापल्या धर्मप्रांताचे बिशप यांखेरीज कोणाचे दफन देवळात होत नाही.

आता आमच्या मनातील काळजी सांगतो. जागा थोडी आहे आणि कुटुंबे वाढत आहेत. एक कबर काही वर्षांनी पुन्हा उघडून, अस्थी आदराने अस्थिकूपात ठेवून, तीच जागा दुसऱ्यास द्यावी, ही जुनी वहिवाट आहे. परंतु ज्याच्या हाती पैसा, त्याने संगमरवर बसवून जागा कायमची अडवावी, असे झाले तर उद्या गरिबाच्या प्रेतास जागा कोणती? देवळाच्या आतून गेलेला भेदभाव कुंपणाच्या फाटकातून परत येऊ देणे आपणांस शोभणार नाही.

म्हणून आमची नम्र विनंती आहे की, या ज्युबिलीत प्रत्येक वाडीने वर्षातून एक दिवस तरी दफनभूमीच्या सफाईस द्यावा. गवत काढावे, कुंपण दुरुस्त करावे, नोंदवहीच्या जीर्ण पानांची नक्कल करवून घ्यावी. आपल्या आप्तांच्या कबरीवर मेणबत्ती लावताना शेजारच्या निनावी कबरीवरही एक लावावी. उद्या आपणही त्याच मातीत निजणार आहोत. प्रभू सर्व मृतांस चिरशांती देवो!