हमीपत्र आणि ठिणगी : विद्युत-मोटारीच्या बॅटरीचा एक इतिहास

विद्युत-मोटार हे एकविसाव्या शतकाचे अपत्य आहे असा सर्वसाधारण समज असला, तरी तो वस्तुस्थितीस धरून नाही. पेट्रोलच्या मोटारीने रस्ते व्यापण्यापूर्वीच अमेरिकेत बॅटरीवरच्या गाड्या धावत होत्या. बॅटरी बिघडली तर तिचा भुर्दंड कोणी सोसायचा, हा प्रश्नही तितकाच जुना आहे. टॉमस एडिसन यांनी खास मोटारींसाठी तयार केलेले निकेल-लोखंडाचे घट बाजारात आले आणि थोड्याच काळात गळू लागले, त्यांची क्षमताही घटली. एडिसन यांनी १९०४ च्या सुमारास उत्पादन थांबवले, सदोष घट परत घेतले आणि काही वर्षे पुन्हा प्रयोग करून सुधारित घट विक्रीस आणले. कोणत्याही कायद्याची सक्ती नसताना केवळ नावाच्या प्रतिष्ठेपोटी पाळलेली ती हमी होती.

एडिसनच्या घटातून द्रव गळत असे, पण तो पेट घेत नसे. आगीचे भय आले ते लिथियमबरोबर. हा धातू वजनाने हलका आणि ऊर्जा साठवण्यात समर्थ, परंतु स्वभावाने तापट. १९८९ मध्ये मोली एनर्जी या कॅनेडियन कंपनीच्या लिथियम-धातूच्या बॅटऱ्यांनी जपानमधील भ्रमणध्वनींत पेट घेतला आणि ती कंपनी डबघाईस आली. शुद्ध धातूऐवजी लिथियमचे आयन वापरणारी, तुलनेने सुरक्षित बॅटरी सोनी कंपनीने १९९१ मध्ये बाजारात आणली. आजच्या विद्युत-मोटारी याच वंशातील आहेत.

या घटात धनाग्र व ऋणाग्र यांच्यामध्ये एक अतिशय पातळ विभाजक पडदा असतो. तो फाटला वा सरकला, की आतल्या आत विद्युतप्रवाहाला आडवाट मिळते आणि घट तापतो. तापलेल्या घटातील रासायनिक क्रिया आणखी उष्णता निर्माण करतात, ती शेजारच्या घटाला लागते आणि वणवा पसरावा तशी आग पसरते. वरून विझलेली दिसणारी आग काही तासांनी, क्वचित काही दिवसांनीही पुन्हा भडकू शकते. २०११ मध्ये अमेरिकेत अपघात-चाचणीस वापरलेली एक शेव्हरले व्होल्ट गाडी चाचणीनंतर तब्बल तीन आठवड्यांनी उभ्या जागी पेटली होती.

बॅटरीचे दोष दोन प्रकारचे : झीज आणि आग. हमीपत्राने आधी दखल घेतली ती झिजेची. २०१२ मध्ये ॲरिझोनाच्या कडक उन्हात निस्सान लीफ गाड्यांची क्षमता अकाली घटल्याच्या तक्रारी आल्या. मूळ हमी आठ वर्षांची होती, पण ती सदोष निर्मितीपुरती होती. क्षमता घटणे तिच्यात बसत नव्हते. अखेर कंपनीने क्षमतेसाठी पाच वर्षे वा ६०,००० मैलांची वेगळी हमी देऊ केली. हमीपत्रात न लिहिलेले शब्दही किती महत्त्वाचे असतात, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

आगीचा प्रश्न ऐरणीवर आला तो शेव्हरले बोल्ट गाडीमुळे. नोव्हेंबर २०२० मध्ये जनरल मोटर्सने सुमारे ६८,००० गाड्या परत बोलावल्या. प्रथम संगणक-प्रणालीत बदल करून बॅटरी ९० टक्क्यांपर्यंतच भारित होईल अशी व्यवस्था करण्यात आली. त्यानंतर इलाज झालेल्या गाड्यांपैकीही दोन पेटल्या. तपासात निष्पन्न झाले ते असे : एकाच घटात ऋणाग्राची जोडपट्टी फाटलेली आणि विभाजक पडद्याला घडी पडलेली, असे दोन दुर्मीळ दोष एकत्र आले की आग संभवते. ऑगस्ट २०२१ मध्ये कंपनीने त्या प्रकारच्या सर्व, म्हणजे सुमारे १ लाख ४२ हजार गाड्या या मोहिमेत घेतल्या. मालकांना सूचना होती, की गाडी घराबाहेर उभी करावी आणि रात्री घरात भारित करू नये. ज्या गाडीसाठी हौसेने गॅरेज बांधावे, तिलाच अंगणाबाहेर काढण्याची ही वेळ होती. सुमारे २ अब्ज डॉलरच्या खर्चापैकी १.९ अब्जांपर्यंतचा भार घट पुरविणाऱ्या एलजी कंपनीने उचलण्याचे मान्य केले. बदललेल्या बॅटरीला आठ वर्षे वा एक लाख मैलांची नवी हमीही मिळाली.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. या गाड्या परत बोलावल्या गेल्या त्या हमीपत्रामुळे नव्हे, तर १९६६ पासून अमेरिकेत असलेल्या वाहनसुरक्षा कायद्याच्या चौकटीत. हमीपत्र हा विक्रेता व ग्राहक यांच्यातील करार असतो. त्याला मुदत असते, अटी असतात. सुरक्षितता हे शासनाने सर्वांच्या वतीने घेतलेले उत्तरदायित्व होय.

आपल्याकडे ही जाणीव उशिरा, आणि चटके बसल्यावर आली. मार्च २०२२ मध्ये पुण्यात एका विद्युत-स्कूटरने भर रस्त्यात पेट घेतला. पुढच्या महिन्यात ओला कंपनीने १,४४१ स्कूटर परत बोलावल्या. त्याच वर्षी १२ सप्टेंबर रोजी सिकंदराबाद येथे विद्युत-स्कूटरांच्या दालनात लागलेल्या आगीच्या धुराने वरच्या हॉटेलातील आठ जणांचा बळी घेतला. आपल्या हैदराबादकर वाचकांच्या स्मरणात ती रात्र असेलच. वाहन-मानकांत सुधारणा होऊन घट, बॅटरी-व्यवस्थापन यंत्रणा, भारक आणि एका घटातून दुसऱ्यात पसरणारी उष्णता यांविषयीचे कडक नियम डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत अमलात आले. सदोष वाहने परत बोलावण्याची सक्ती करण्याचा अधिकार शासनास २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने दिला. सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीची भरपाई मागण्याची तरतूद त्याच वर्षीच्या ग्राहक संरक्षण कायद्यात आली.

शासकीय सेवेत आयुष्य गेलेल्या माणसाला मजकुराआधी अटी वाचण्याची सवय जडते. नातवंडांनी घरी विद्युत-मोटार आणली, तर ज्येष्ठांनी हमीपत्राचे शेवटचे पान आधी वाचावे. झीज किती टक्क्यांपर्यंत मान्य, पुराचे पाणी शिरल्यास काय, बाहेरचा भारक वापरल्यास हमी उरते का, गाडी विकल्यास ती नव्या मालकाकडे जाते का, हे तेथेच कळते. हमीपत्र फार तर बॅटरी बदलून देईल. गाडीमुळे घराला आग लागली, तर त्या नुकसानीसाठी बहुधा विमा आणि कायदा यांच्याकडेच जावे लागते. सव्वाशे वर्षांपूर्वी एका संशोधकाने स्वेच्छेने पाळलेला शब्द आज कायद्याच्या कलमांत बांधला गेला आहे. मात्र ती कलमे वाचणारा ग्राहक असेल, तरच त्या शब्दाला किंमत राहील.