ऊब मिळाली, उजेड राहिला

युरोपातील कडक हिवाळ्यात संत्र्याचे झाड उघड्यावर तग धरत नाही. म्हणून १७व्या शतकात तेथील धनिक मंडळी ही झाडे कुंड्यांत लावीत आणि थंडीत खास बांधलेल्या दालनात हलवीत. फ्रान्समधील व्हर्साय येथील असे दालन १६८४ ते १६८६ या काळात उभे राहिले. त्याच्या भिंती जाड, तर उंच खिडक्या दक्षिणेकडे होत्या. इंग्लंडमध्ये दालनातच शेगडी पेटवीत. पण कोंडलेल्या हवेने झाडांचे नुकसान होई. जॉन एव्हलिन यांनी १६९१ साली शेगडी भिंतीबाहेर ठेवून ताजी हवा तापवून आत सोडण्याची रचना सुचविली.

ऊब मिळाली, पण छप्पर पक्के, त्यामुळे उजेड कमीच राहिला. काच महाग होती. ब्रिटनमध्ये १८४५ साली काचेवरील कर रद्द झाल्यावर काचघरे मध्यमवर्गाच्या आवाक्यात येऊ लागली.

आज थंड देशांत कुंडीतील निवडुंग हिवाळाभर उजेडात, गारव्यात आणि जवळजवळ कोरडे ठेवतात. ऊब व पाणी भरपूर, पण उजेड अपुरा, असे झाले की ते फिकट आणि लांबट वाढतात.

हे वर्गातही पाहता येईल. दोन कुंड्यांत मटकी पेरावी. एक खिडकीत, दुसरी कपाटात ठेवावी. आठवड्याने मुलांनाच विचारावे : उंच झालेले रोप सशक्त असतेच का?