झोंबतं म्हणून गुणकारी? जंतुनाशकांच्या तुलनेचा इतिहास

सोनईत मुळा कारखान्याचा हंगाम सुरू झाला की ऊसतोडीत कोयत्याच्या जखमा आल्याच. आणि जे औषध जास्त झोंबेल ते जास्त गुणकारी, असं आपण मनोमन धरून चालतो. या समजुतीकडे आज जरा इतिहासातून बघूया.

१८६५ साली ग्लासगोत जोसेफ लिस्टर यांनी, गाडीखाली पाय मोडलेल्या एका ११ वर्षांच्या मुलाच्या जखमेवर कार्बोलिक ॲसिडची पट्टी बांधली. जखम चिघळली नाही, हाड जुळलं. पण कार्बोलिकनं जंतू मरत तशी कातडीही भाजे. म्हणजे प्रश्न पहिल्यापासूनच दुहेरी आहे : जंतू किती मरतात, आणि माणसाला इजा किती होते?

पुढं लाल औषध आलं, मर्क्युरोक्रोम. ते झोंबत नसे, म्हणून पोरांना आवडे. पण त्यात पारा. १९९८ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनानं ते सर्वमान्य सुरक्षित औषधांत धरायला नकार दिला. तेव्हा झोंबणं हा गुणाचा पुरावा नाही, तसं न झोंबणं हा सुरक्षिततेचाही नाही.

मग पुरावा कशाला म्हणायचं? २०१० साली अमेरिकेतल्या ६ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेआधी त्वचेला क्लोरहेक्सिडीन लावलेल्यांत जखमेचा संसर्ग ९.५ टक्के, पोव्हिडोन आयोडीन लावलेल्यांत १६.१ टक्के. झालं, निकाल लागला! पण थांबा. क्लोरहेक्सिडीन होतं अल्कोहोलमध्ये, आयोडीन पाण्यात. जॉन स्टुअर्ट मिलनं १८४३ मध्येच सांगून ठेवलंय, की कारण ठरवायचं तर बाकी सगळं सारखं हवं, फरक एकच हवा. इथं फरक दोन होते! २०२४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या अभ्यासात दोन्ही औषधं अल्कोहोलमध्ये दिली, तेव्हा आयोडीनच्या गटात ५.१ आणि क्लोरहेक्सिडीनच्या गटात ५.५ टक्के. अंतर जवळपास मिटलं.

म्हणून 'सर्वांत चांगलं कोणतं?' हा प्रश्नच अपुरा आहे. कुठं, कोणाला, कशासाठी, हे विचारायला हवं. अल्कोहोल धड कातडीसाठी, उघड्या जखमेत ओतण्यासाठी नव्हे. ते वाळण्याआधी शस्त्रक्रियेचं विजेचं उपकरण लावलं तर पेटही घेतं. क्लोरहेक्सिडीन डोळ्यात किंवा कानाच्या आत जाता कामा नये. तान्ह्या बाळाला आयोडीन फार लावलं तर थायरॉईडवर परिणाम होऊ शकतो.

आणि कोयत्याच्या जखमेला? आधी भरपूर स्वच्छ पाणी, मग दवाखाना आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनची चौकशी. बाटलीचा रंग नंतर बघू.